छोट्या बँडला लाईटचा कंट्रोलर घेताय? आधी बघा, बटण दाबायला माणूस कोण आहे

गेल्या चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेत माझ्या चुलत पुतण्याच्या बँडची सुपारी होती. बँड सहा जणांचा. पुतण्या स्वतः गातो आणि बेंजो वाजवतो, एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला, एक ढोलकीवाला, एक गायिका आणि पुतण्याची बहीण निवेदन करते. देवाची गाणी, कोळीगीतं, दोन-चार लावण्या, सिनेमातली गाणी असा तीन तासांचा कार्यक्रम. सुपारी ३५ हजारांची ठरली होती.

त्याच्या आदल्या महिन्यात पोरांनी मोठ्या हौसेनं लाईटचा एक मोठा कन्सोल घेतला होता. सेकंड हँड, २८ हजारांचा. चार माणसांच्या जेवणाचं ताट मावंल एवढी पेटी, तिच्यावर शे-दीडशे बटणं. चालवायला तालुक्याचा एक पोरगा रात्रीला दीड हजारावर ठरवला होता. त्या दिवशी त्याला लग्नाचं मोठं काम मिळालं आणि तो आलाच नाही. फोनवर सांगितलं, "अमुक बटण दाबा, चालू राहतंय."

बटण दाबलं, चालू राहिलं. कोळीगीताला लाल-निळी लाईट नाचली, पोरं खुश. साडेदहाला देवाचं गाणं सुरू झालं. म्हातारी माणसं हात जोडून बसलेली आणि स्टेजवर लाईट सटासट फडफडायला लागली, वीज चमकावी तशी. थांबवायचं कसं ते कुणालाच येईना. पुतण्याचे दोन्ही हात बेंजोत, ढोलकीवाल्याचे ढोलकीत. कीबोर्डवाला गाणं अर्ध्यात सोडून धावला, दोन-चार बटणं दाबली, आणि सगळाच अंधार झाला. यात्रा कमिटीतले एक तात्या खालून ओरडले, "आरं लाईट बंद करा रं ती, मंडपाचा हॅलोजन लावा!" उरलेला कार्यक्रम हॅलोजनवर झाला. सकाळी हिशोबात आठ हजार कापले गेले. पुढच्या वर्षी बोलवायचं का, यावर कमिटीत चर्चा झाली ती वेगळीच.

मी डाळिंबवाला शेतकरी आणि फावल्या वेळचा बातमीदार. लाईटमधलं मला काही कळत नव्हतं. पण पोरांचं नुकसान बघून दोन महिने मागं लागलो. तालुक्यातल्या दोन मंडप-साऊंडवाल्यांकडे बसलो, पुतण्याबरोबर रात्री जागून बटणं दाबून बघितली. आपल्या भागात असे बेंजो, गायन पार्ट्या, ऑर्केस्ट्रा आता गावोगाव झालेत आणि प्रत्येकजण लाईटवर पैसे घालतोय. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कंट्रोलर नेमकं करतो काय

स्टेजच्या लाईटला दोन वायरी लागतात. एक करंटची आणि दुसरी हुकमाची. या हुकमाच्या वायरीतून जी भाषा जाते तिला डीएमएक्स म्हणतात. ही अमेरिकेतल्या नाटकाच्या लाईटवाल्यांच्या संस्थेनं १९८६ साली ठरवली. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती, एकाची लाईट दुसऱ्याच्या कंट्रोलरवर चालायची नाही. आता कुठल्याही देशाची लाईट कुठल्याही कंट्रोलरवर चालते ती या डीएमएक्समुळं.

एका वायरीत ५१२ चॅनल असतात. चॅनल म्हणजे एक कॉक समजा. तो बंद असला की ०, पूर्ण उघडला की २५५, आणि मधे कुठंही ठेवता येतो. आपण जी साधी एलईडी पार लाईट वापरतो, ५४ बल्बवाली, तिला बहुतेक वेळा सात चॅनल लागतात. एक एकूण उजेडाचा, मग लाल, हिरवा, निळा, एक फडफडीचा, आणि दोन आपोआप रंग बदलायचे. आठ पार असतील तर आठ सत्ते छप्पन्न. वर दोन शार्पी (मुव्हिंग हेडला आपल्याकडे सगळे शार्पीच म्हणतात), सोळा चॅनलच्या धरल्या तर बत्तीस. एकूण ८८.

म्हणजे आठ पार आणि दोन शार्पीवाल्या बँडला शंभर चॅनलसुद्धा लागत नाहीत. पण दुकानात गेलं की "दादा, १०२४ वाला घ्या, २०४८ वाला घ्या, पुढं लाईट वाढली तर?" असं सुरू होतं. पोरांनी घेतलेला कन्सोल २०४८ चॅनलचा होता. वीस गुंठ्यांच्या तुकड्याला पन्नास एचपीची मोटर घेतल्यासारखं झालं.

प्रत्येक लाईटला एक पत्ता द्यावा लागतो, गट नंबरसारखा. लाईटच्या मागच्या बाजूला छोटा आकडे दाखवणारा डिस्प्ले असतो, तिथं तो लावायचा. पत्ता १ दिला तर ती लाईट १ ते ७ चॅनल ऐकणार. दोन लाईटला एकच पत्ता दिला तर दोघी जुळ्या बहिणींसारख्या एकत्र चालणार. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, पुढं पैसे वाचवायला कामी येतं.

हात कुणाचे मोकळे?

दोन्ही साऊंडवाल्यांना मी एकच प्रश्न विचारला होता, कुठला कंट्रोलर चांगला? त्यातल्या वयस्कर माणसानं मलाच उलटं विचारलं, "पाव्हणं, गाणं चालू असताना तुमच्यातल्या कुणाचे हात मोकळे असतात?"

मी सांगितलं, कुणाचेच नाहीत.

"मग कन्सोल कुणासाठी घेतला?"

यावर मला काही बोलता आलं नाही. मोठ्या ऑर्केस्ट्राला स्वतःचा लाईटवाला असतो, तो गाणं ऐकत दहा बोटांनी लाईट वाजवतो, तोही एक वादकच. त्याच्यासाठी मोठा कन्सोल बनवलाय. बाजारात पर्ल या नावानं जे कन्सोल ओळखले जातात ते मुळात इंग्लंडच्या अ‍ॅव्होलाइट्स कंपनीचे, मोठ्या शोसाठीचे. त्या नावाच्या नकलाही पुष्कळ फिरतात. यंत्र वाईट नाही, पण शिकायला महिने जातात आणि चालवायला रोज एक माणूस लागतो. सहा जणांच्या बँडला सातवा माणूस घ्यायचा म्हणजे त्याची हजेरी, जेवण, गाडीत जागा हे सगळं आलं. वर्षाला चाळीस कार्यक्रम आणि रात्रीला दीड हजार धरले तर साठ हजार फक्त लाईटवाल्याचे होतात. आणि तो लग्नसराईत आला नाही की परत हॅलोजन.

मग आमच्या घरीच चर्चा बसली. पुतण्या म्हणाला ऑक्टोपॅडवाल्याला सांगू. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, मला दोन हात आहेत, चार नाहीत. कीबोर्डवाला म्हणाला, मी एकदा दाबलं ते पुरे झालं. इतका वेळ चहा घेऊन आलेली पुतणी उभी होती. ती म्हणाली, "काका, गाणं चालू असताना मी काय करते? पडद्यामागं खुर्चीवर बसून पुढच्या गाण्याचं निवेदन वाचते."

खरंच की. निवेदन करणाऱ्याचे हात गाण्याच्या वेळी मोकळे असतात. वर तिलाच माहीत असतं की कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं आहे, कुठं देवाचं आहे आणि कुठं लावणी. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या बँडमधे निवेदक असेल तर आधी त्याच्याकडे बघा. नसेल तर ज्याला मधे मधे थांबायला मिळतं असा कोण आहे ते शोधा. झांज किंवा खुळखुळा वाजवणारा, कोरसवाला, नाहीतर साऊंडच्या मिक्सरवर बसणारा. मिक्सरवाला मात्र शिट्टी सांभाळायची की लाईट, या गडबडीत पडतो. माझं मत, त्याला यात ओढू नका.

आम्ही काय घेतलं

आम्ही १९२ चॅनलची साधी पेटी घेतली. लाईटच्या कुठल्याही दुकानात "१९२ कंट्रोलर" म्हणालात की काढून देतात. कंपन्या वेगवेगळ्या, आतली रचना जवळपास सारखीच. नवीन, तीन-चार हजारांच्या आसपास मिळते. डावीकडं १२ लाईटची बटणं, मधे आठ सरकवायच्या दांड्या म्हणजे फेडर, त्याच्या वर सीनची आठ बटणं. एका बँकेत आठ सीन, अशा ३० बँका, म्हणजे २४० सीन साठवता येतात. सहा चेस, म्हणजे एकामागून एक आपोआप बदलणारे सीन, तेही बसतात.

सीन म्हणजे लाईटचा फोटो. स्टेजवर सगळ्या लाईट हव्या तशा लावल्या, रंग जमवला आणि साठवून ठेवला. कार्यक्रमात फक्त ते एक बटण दाबायचं. रंग जमवायची सगळी डोकेफोड आदल्या दिवशी घरी करायची, स्टेजवर नुसतं दाबायचं. छोट्या बँडला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता या पेटीची एक खोड आहे, तिथं आमची दोन रात्री झोपमोड झाली. हिच्यात प्रत्येक लाईटला सोळा चॅनलचा खण ठरलेला आहे. पहिल्या खणाचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, मग ४९, ६५, ८१, असं सोळा सोळानं पुढं. आमच्या पार मोठ्या कन्सोलच्या हिशोबानं १, ८, १५ अशा लावलेल्या होत्या. त्यामुळं पहिल्या लाईटचं बटण दाबून दांडी सरकवली की पहिल्या पारबरोबर दुसरी पण हालायची, आणि तिसरी अर्धवट. पुतण्या म्हणाला पेटी खराब आहे. खराब नव्हती, पत्ते चुकलेले होते.

आमची मांडणी सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. आठ पारच्या चार जोड्या केल्या. समोरच्या स्टँडवरच्या दोन, त्यांना पत्ता १. मागच्या डाव्या दोन १७. मागच्या उजव्या दोन ३३. खाली जमिनीवरच्या दोन ४९. जोडीला एकच पत्ता, म्हणून दोघी एकत्र चालतात. शार्पी दोन, त्यांना ६५ आणि ८१. बारापैकी सहा खण झाले, सहा मोकळे. शार्पी मात्र सोळा चॅनलच्या मोडवर ठेवा. काही शार्पीत वीस चॅनलचाही मोड असतो, तो लावला तर शेवटची चार चॅनल पुढच्या खणात घुसतात आणि गोंधळ होतो.

साठवायचं असं. प्रोग्रामचं बटण तीन सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागतो. ज्या लाईट लावायच्या त्यांची बटणं दाबायची, दांड्या सरकवून रंग जमवायचा. मग रेकॉर्डचं बटण आणि लगेच सीनचं बटण. दिवे एकदा चमकले की साठवलं. परत प्रोग्राम तीन सेकंद दाबून बाहेर यायचं. पेटीवर काही बटणांची नावं थोडी वेगळी असू शकतात, बरोबर येणारा कागद फेकू नका. आणि पहिल्या दिवशी हमखास होणाऱ्या दोन गोष्टी. एक, लाल दांडी पूर्ण वर केली तरी उजेड पडत नाही, कारण एकूण उजेडाचा चॅनल शून्यावर राहिलेला असतो. दोन, पेटी चालू केली आणि सगळं काळंच, कारण यातल्या बऱ्याच पेट्या चालू होताना ब्लॅकआऊट लागूनच उठतात. ब्लॅकआऊटचं बटण एकदा दाबा, उजेड येतो. आम्ही यापायी दुकानदाराला रात्री अकराला फोन केला होता.

२४० सीन बसतात म्हणून २४० बनवू नका. आम्ही एकच बँक वापरतो, आठच सीन. पांढरी टेप लावून पुतणीनं त्यावर मार्करनं लिहिलंय. पहिलं "निवेदन", समोरून ऊबदार पिवळसर उजेड, मागं अंधार. दुसरं "देव", केशरी आणि संथ, काहीही हालत नाही. तिसरं "निळं", हळव्या गाण्यांसाठी. चौथं "लावणी", गुलाबी आणि लाल. पाचवं "ढोलकी", फक्त ढोलकीवाल्याकडची जोडी, बाकी मंद. सहावं "कोळी", निळा-हिरवा. सातवं "पब्लिक", मागच्या लाईट आणि शार्पी लोकांवर. नाचाच्या गाण्याला एक चेस आहे तेवढीच.

आठवं बटण मात्र प्रत्येक बँडनं ठेवावं असं माझं सांगणं आहे. त्यावर लाल टेप लावलीय आणि लिहिलंय "सगळं पांढरं". काहीही बिघडलं, कुणी पडलं, भांडण झालं, वायर तुटली, साप निघाला, तर पहिलं हे बटण. सगळ्या लाईट पांढऱ्या, पूर्ण, स्थिर. त्या यात्रेच्या रात्री हे एक बटण असतं तर आठ हजार वाचले असते.

एक बारीक गोष्ट. पेटीला अडॅप्टर लागतो, ९ ते १२ व्होल्टचा. पेटीमागं लिहिलेला आकडा बघून तसलाच दुसरा अडॅप्टर बॅगेत ठेवा. पेटी बंद पडली नाही तरी अडॅप्टर हरवतो, नाहीतर त्याच्यावर कुणाचा तरी पाय पडतो.

बाकीचे मार्ग

कंट्रोलर न घेता सुद्धा भागतं, हे दुकानदार सांगत नाही. पार लाईटला आपोआप रंग बदलायचा मोड असतो आणि आवाजावर चालायचा मोड असतो. एका लाईटला मालक करून बाकीच्या तिच्यामागं लावता येतात. वरातीतला बेंजो असेल, ट्रॉलीवर चार पार असतील, तर एवढ्यावर काम चालवा आणि पैसे वाचवा. पण स्टेजवर बसून गाणाऱ्या बँडला आवाजाचा मोड दगा देतो. आतला बारका माईक गाणं आणि जनरेटर यातला फरक ओळखत नाही. देवाच्या गाण्याला सुद्धा ढोलकीच्या प्रत्येक थापेला लाईट उडी मारते. १९२ च्या पेटीत पण असा माईक आहे, तो आम्ही फक्त नाचाच्या गाण्याला लावतो.

परदेशातले छोटे बँड पायानं दाबायचा कंट्रोलर वापरतात. गिटारवाल्याचे हात गिटारवर, पाय बटणावर. कल्पना चांगली, उभं राहून वाजवणाऱ्यांना सोयीची. आपले ढोलकीवाले, बेंजोवाले बरेचदा मांडी घालून बसतात, तिथं पाय कुठून आणायचा? उभे राहणारे असाल तर ऑनलाईन मागवता येतो. १९२ च्या बऱ्याच पेट्यांना मागं मिडीचं सॉकेट असतं, त्याला मिडीचं पायाचं पॅडल जोडूनही सीन बदलता येतात. पण त्याची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या.

लॅपटॉपचा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ताकदीचा आहे. क्यूएलसी प्लस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कायदेशीर फुकट. यूएसबीतून डीएमएक्स काढणारा एक छोटा डबा विकत घ्यावा लागतो. स्क्रीनवर पाहिजे तेवढी बटणं बनवा, नावं मराठीत टाका, गाण्यांची यादी लावून एकच बटण दाबत पुढं जा. मोबाईलवरून सुद्धा चालवता येतं. ज्या बँडमधे कॉम्प्युटरची आवड असलेला पोरगा आहे त्यानं हा जरूर करून बघावा. माझी भीती दोन गोष्टींची. ज्या लॅपटॉपवर गाण्याचे ट्रॅक वाजतात त्याच्यावरच लाईट चालवली आणि तो अडकला तर आवाज आणि उजेड दोन्ही एकदम जातात. आणि यात्रेतली धूळ. लॅपटॉपच्या पंख्यात ती किती जाते हे उघडल्यावर कळतं.

वायरलेस डीएमएक्सचे छोटे डोंगल पण येतात, वायर ओढायचा त्रास वाचतो. घरच्या अंगणात झकास चालले. पण यातले बरेचसे वायफायच्याच पट्ट्यात चालतात आणि यात्रेत हजारो मोबाईल असतात. वापरायचे तर वापरा, गाडीत वायर मात्र ठेवा.

वायर, करंट आणि डोळे

डीएमएक्सची वायर कंट्रोलरमधून पहिल्या लाईटला, पहिलीतून दुसरीला, दुसरीतून तिसरीला अशी ओळीनं जाते, ड्रिपच्या नळीसारखी. मधेच दोन फाटे करायचे नाहीत. फाटा काढला की सिग्नल फाटतो आणि लाईट उगाच लुकलुकतात. नळीच्या टोकाला आपण एंड कॅप लावतो तसं शेवटच्या लाईटच्या आउटला एक टोपण लावतात. त्यात १२० ओहमचा एक रेझिस्टर, दोन आणि तीन नंबरच्या पिनला जोडलेला. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा दहा मिनिटांत बनवून देतो. तो नसला की सिग्नल टोकाला आपटून मागं येतो, लांब वायरीला हा त्रास जास्त. आमची एक शार्पी मधेच मान झटकायची, या टोपणानं थांबली.

माईकची वायर आणि डीएमएक्सची वायर दिसायला सारखी, तीन पिनची. दहा-पंधरा फुटाला माईकची वायर चालून जाते, लांबच्याला डीएमएक्सचीच घ्या. दोन्हींना वेगळ्या रंगाची टेप लावा. जनरेटरच्या वायरीला चिकटून ही वायर ओढू नका.

करंटचं मी वेगळं सांगतो, कारण लाईटची चर्चा रंगात येते आणि हे राहून जातं. लोखंडी स्टँड, ओली जमीन, अनवाणी नाचणारी पोरं. स्टेजच्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते स्वतः बघा, "आहे आहे" यावर विश्वास ठेवू नका. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड बनवून घ्या. पारच्या तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून दोन पिनच्या सॉकेटात घुसवणारे मी डोळ्यांनी बघितलेत. तसं करू नका. जनरेटरचं व्होल्टेज खाली-वर झालं की शार्पी पहिल्यापासून सुरू होतात, मान फिरवत बसतात. तो कंट्रोलरचा दोष नसतो, पेटी बदलायला धावू नका.

फडफडणारी लाईट, म्हणजे स्ट्रोब, कमी वापरा. सेकंदाला तीनच्या वर आणि तीसच्या आत चमकणाऱ्या उजेडानं काही लोकांना आकडी येऊ शकते. आम्ही पेटीत स्ट्रोबचा एकही सीन ठेवलेला नाही. लेझरबद्दल तर बोलायलाच नको, गणपतीच्या मिरवणुकीत डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात आणि पोलिसांनी बंदीचे आदेशही काढलेत. छोट्या बँडनं त्या वाटेला जाऊच नये.

दुकानात जाताना

आपली स्वतःची एक पार आणि स्वतःची वायर बरोबर न्या. दुकानातली लाईट त्यांच्या पेटीवर चालणारच, आपली चालते का ते बघायचंय. आठही दांड्या एकेक करून हळू वर न्या. उजेड पायरीपायरीनं उडी मारत असेल किंवा मधेच विझत असेल तर ती पेटी नको. एक सीन साठवा, पेटीचा करंट काढा, दोन मिनिटं थांबा, परत लावा. सीन तसाच पाहिजे. सेकंड हँड घेत असाल तर सीनची आठही बटणं दहा-दहा वेळा दाबा, सगळ्यात आधी तीच झिजतात. आणि ज्याला चालवायचंय त्याला दुकानात बरोबर न्या. आम्ही पुतणीला नेलं होतं. दुकानदार सगळं पुतण्याकडे बघून सांगत होता. शेवटी तिनंच पेटी ओढून घेतली आणि सीन साठवून दाखवला.

श्रावणात एका मंदिरात कार्यक्रम झाला, मग नवरात्रात तीन. पुतणी निवेदनाच्या वहीत प्रत्येक गाण्यासमोर बटणाचा नंबर लिहून ठेवते. निवेदन संपवते, मागं येऊन बसते, नंबर बघून बटण दाबते. नवरात्रात एकदा जनरेटर बंद पडून परत आला तेव्हा तिनं आधी ब्लॅकआऊट काढलं, मग लाल टेपचं बटण दाबलं. लोकांना वाटलं ठरवूनच केलंय. चैत्रातल्या त्या गावच्या तात्यांचा परवा फोन आला होता, तारीख मोकळी आहे का विचारायला. भाव मात्र २७ हजारच सांगतायत, गेल्या वर्षी हातात पडले तेवढेच. बोलणी चालू आहेत.

मोठा कन्सोल आमच्या कडब्याच्या खोलीत पोत्यात गुंडाळून ठेवलाय. विकायचा आहे. दोन जण बघून गेले, दोघांनाही पुतण्यानं पहिल्यांदा हेच विचारलं की तुमच्याकडे चालवणारा आहे का. दोघंही नाही म्हणाले, आणि त्यानं दिला नाही.